वाचक विचारतात: हायवे तर आला, गिऱ्हाईक कुठं गेलं?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज एक ओळ लिहिली होती, की रस्ता झाला म्हणजे धंदा आला असं काही नसतं. त्यावर इतकी पत्रं आली की कार्यालयातला पोरगा म्हणाला, साहेब, तुम्ही एकदा ट्रान्सपोर्टवरच अख्खं पान करा. मी मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात वीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्यात, त्यामुळं या विषयावर बोलायला लागलो की थांबत नाही, हे घरचे पण सांगतील. सहा पत्रं निवडलीत.

प्रश्न: आमच्या गडहिंग्लजवरनं संकेश्वर-बांदा हायवे झाला. माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि हायवेला लागून १२ गुंठे जागा. भाऊ म्हणतो गोडाऊन बांध, मुलगा म्हणतो हॉटेल काढू, बायको म्हणते काहीच करू नका कारण रस्ता झाल्यापासून दुकानातलं गिऱ्हाईक उलट कमी झालंय. हायवे झाल्यावर धंदा वाढायला पाहिजे ना?

आधी वहिनींचं ऐका. त्या गल्ल्यावर बसत असणार, म्हणून त्यांना दिसलंय.

काय होतं बघा, रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. आधी तुमच्या भागातला गवंडी पाईप, टाईल्स, नळाच्या तोट्या तुमच्याकडनं घ्यायचा, कारण बेळगाव नाहीतर कोल्हापूर म्हणजे त्याचा अख्खा दिवस मोडायचा. आता तो सकाळी छोटा हत्ती घेऊन जातो, चार दुकानं फिरून भाव पाडतो आणि दुपारच्या जेवणाला घरी. रस्ता रुंद झाला की मोठी पेठ जवळ येते, आणि लहान पेठेतला दुकानदार पहिल्या वर्षी मार खातो. हे तुमच्या एकट्याचं नाही, कागलला आणि पेठ नाक्याला पण जुने लोक हेच सांगतील.

मग रस्त्यानं कुणाचं भलं होतच नाही का, तर होतं. पण नुसत्या रस्त्यानं नाही. आपल्याच कोल्हापूरचं घ्या. मिरजेहून रेल्वे आली १८९१ साली, तिच्या कामाची पहिली कुदळ १८८८ ला शाहू महाराजांनी मारली तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. पण गाडी यायला लागली म्हणून गुळाचा बाजार आपोआप स्टेशनसमोर येऊन बसला नाही. महाराजांच्या हातात कारभार आला १८९४ ला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्टेशनला लागून शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या, तेव्हा कुठं गुळाचे रवे तिथनं वॅगनला लागायला लागले. नंतर १९१७ ला जयसिंगपूर, ते पण रेल्वेलगत आणि मुद्दाम आखलेलं, सरळ रस्ते, पेठेला जागा. आधी रूळ आणि मग रुळाशेजारी माल उतरवायला, ठेवायला, तोलायला जागा. दोन्ही कामं झाली म्हणून जमलं. आपल्याकडं आता पहिलं काम सरकार करतं, फोटो काढतं, आणि दुसरं काम कुणाचंच नसतं.

तुमच्या १२ गुंठ्याकडं येतो. हॉटेल नको. हायवेला हॉटेल काढणारे आधीच रांगेत आहेत, आणि आंबोलीला जाणारी पुण्या-बेळगावची गाडी आजऱ्याच्या पुढं जाऊन जेवते असा माझा अनुभव आहे, मुलाला राग आला तर येऊदे.

गोडाऊनचा विचार करा, पण बांधायच्या आधी एक काम करा. एक दिवस, सोमवार सोडून, सकाळी सात ते रात्री आठ आपल्या जागेसमोर खुर्ची टाकून बसा आणि गाड्या मोजा. नुसत्या किती गेल्या ते नको, भरलेल्या किती आणि रिकाम्या किती ते लिहा. ताडपत्री बघून फसू नका, रिकाम्या गाडीवर पण ताडपत्री असते. चाकावरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बघा, भरलेल्या गाडीचे पाटे सपाट झालेले असतात. आणि कान द्या, खड्ड्यातनं गेल्यावर रिकाम्या गाडीचा मागचा फाळका खडाखडा वाजतो, भरलेल्याचा वाजत नाही. आमच्या ऑफिसात एक म्हातारा हमाल होता, तो आत बसून, न बघता सांगायचा कुठली गाडी मोकळी आली.

हे कशासाठी, तर लहान गावाचा सगळा खेळ रिटर्न लोडवर असतो. तुमच्याकडं सिमेंट, खत, किराणा भरून गाडी येते. जाताना तिला माल मिळाला नाही तर ती मोकळी जाते, आणि मोकळं जायचं भाडं मालक येतानाच्या भाड्यात लावतो. समजा पुण्याहून गडहिंग्लजला यायचं भाडं १८ हजार असेल आणि जाताना १२ हजाराचा माल मिळणार असेल, तर तोच मालक येतानाचं भाडं १४ वर आणतो, कारण त्याची फेरी भरते. म्हणजे तुमच्या दुकानातली सिमेंटची गोणी पण स्वस्त पडते. ही आकडेमोड मी मनानं केलीय, पण रीत हीच आहे, कुठल्याही गाडीमालकाला विचारा.

आता तुमच्या भागातनं जायला माल आहे का? आहे की! साखर आहे, ती कारखान्याचा कारखाना बघून घेतो. पण चंदगड-आजऱ्याचा काजू आहे, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे ज्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, भुईमूग, मिरची आहे. अडचण अशी की हा माल एकेकाकडं थोडा थोडा असतो. काजूवाल्याकडं दहा किलोचे वीस डबे तयार असतात, तेवढ्यासाठी कोण दहा चाकी पाठवणार? तो मग एस्टीच्या टपावर किंवा कुणाच्या तरी बोलेरोत घालून कोल्हापूरला पाठवतो आणि मिळेल त्या भावाला देतो. अशा दहा-पंधरा जणांचा माल एका जागी साठला, कोरडा राहिला, आणि आठवड्यातनं ठरलेल्या दोन दिवशी गाडी भरली, तर तुमचं गोडाऊन चाललं. नाहीतर पत्र्याच्या शेडला वर्षभर कुलूप.

कोरडा राहिला यावर जोर द्या. तुमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको, काजूला ओल लागली की डब्ल्यू ३२० या चांगल्या प्रतीचा भाव मागायचं तोंड राहत नाही. जमिनीपासून गाडीच्या फाळक्याइतका उंच ओटा, थ्री फेज वीज, दहा चाकी आत येऊन वळेल एवढं अंगण. वळायला जागा नसेल तर ड्रायव्हर हायवेवर गाडी लावून माल उतरवतो, मग वाराईवरनं (माल उतरवायच्या मजुरीवरनं) भांडण, पोलिसाची पावती, पुढच्या वेळी तो येतच नाही. एनए (बिगरशेती) आणि हायवेकडनं अॅक्सेसची परवानगी आधी, बांधकाम मग. आणि दोन-तीन काजूवाल्यांकडनं आगाऊ डिपॉझिट मिळत असेल तरच पाया खणा. तोंडी "बांधा की, आम्ही येतो" म्हणणारे ढीगभर असतात.

हार्डवेअरचं म्हणाल तर जे गवंडी गाडी घेऊन आणायला जात नाही ते ठेवा, म्हणजे रोज लागणारी बारकी वस्तू, आणि साईटवर नेऊन द्या. टाईल्सच्या नादाला लागू नका.

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत डिस्पॅचला आहे. पुण्याचा कस्टमर प्रत्येक मिटिंगला ऐकवतो की तुमच्याकडं पूर येतो, हायवे बंद पडतो, आम्ही दुसरा व्हेंडर बघतोय. त्याला काय उत्तर देऊ?

खोटं बोलू नका, एवढं आधी. त्यानं २०१९ बघितलंय. ऑगस्टमध्ये आठवडाभर हायवे बंद होता, किणीपासून पुढं गाड्यांची रांग, आमच्या ऑफिसची एक गाडी त्यात अडकली होती, आत मशीनचे पार्ट. ड्रायव्हर रोज संध्याकाळी फोन करायचा आणि मालाचं सोडून गावातल्या बायकांनी आज काय जेवायला आणलं ते सांगायचा. शहरात पेट्रोल रेशनवर आलं होतं. रुकडीच्या पुलामुळं रेल्वे पण बंद. म्हणजे जमिनीवरनं कोल्हापूरला यायला रस्ताच राहिला नाही. २०२१ ला जुलैत परत तेच, दिवस कमी पण पाणी जास्त, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांच्या वर.

कस्टमरला भीती पुराची नसते, त्याची असेंब्ली लाईन थांबायची असते. त्यामुळं त्याला वचन देऊ नका, कागद दाखवा. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांचा स्टॉक चाकण किंवा भोसरीकडं भाड्याच्या जागेत ठेवायचा, मे-जूनमध्येच भरायचा. भाडं जातं, मान्य, पण एक ऑर्डर गेली तर किती जातं ते तुमच्या मालकाला जास्त चांगलं माहितीय. आणि एक साधा नियम लिहून द्या: राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला टेकलं की त्या रात्रीच तयार असलेला सगळा माल नदीपलीकडं, पुण्याच्या बाजूला असेल असं बघायचं. तुमची शिरोली नशिबानं पुण्याच्या बाजूलाच आहे, पण गोकुळ शिरगाव आणि कागलवाल्यांना नदी ओलांडायला लागते, आणि तुमचं मशीनिंग तिकडं होत असेल तर तुम्ही पण त्यांच्यातलेच.

बाकी हायवेचं सहापदरी काम चालू आहे तिथं लोकांची मागणी आहे की पंचगंगेच्या पुलाजवळ भराव वाढवू नका, खांबांवर रस्ता न्या, म्हणजे पाण्याला जायला वाट राहील. मला ती शंभर टक्के पटते. भराव टाकून रस्ता उंच केला तर गाड्या जातील, पण पाणी तुंबून गावात शिरेल, आणि तुमचे कामगार त्याच गावांत राहतात. कामगार घरातलं सामान माळ्यावर टाकत असताना भट्टी कोण लावणार?

प्रश्न: इचलकरंजीला रेल्वे असती तर आज आपण सुरतेच्या बरोबरीला असतो असं माझे वडील कायम म्हणतात. खरं आहे का?

वडिलांना नमस्कार सांगा, पण पूर्ण खरं नाही. तुमच्या गावात पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी आणला, संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे पाठीशी उभे राहिले. तेव्हा पण रेल्वे हातकणंगल्यालाच थांबत होती. म्हणजे रेल्वे नसताना गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. का, तर माग, सायझिंग, सूत व्यापारी, कांडीवाली, जॉबर, दिवाणजी, उधारीवर माल देणारा, सगळं एका सायकलच्या अंतरावर. आणि आज पण सुताच्या पिशव्या दक्षिणेतनं ट्रकनंच येतात, ग्रे (कोरं) कापड राजस्थानातल्या पाली-बालोत्राकडं ट्रकनंच जातं.

उद्या हातकणंगल्याहून रूळ आला तर चांगलंच, बाहेरच्या राज्यातले कामगार आणि व्यापारी यांची सोय होईल. पण तुमच्या गावाला आधी पाणी पाहिजे. प्रोसेस हाऊसला पाणी लागतं, माणसाला पण लागतं, आणि महानगरपालिका होऊन सुद्धा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तर नवीन उद्योग कुठल्या तोंडानं बोलावणार? त्यात विजेचा दर. शेजारी कर्नाटकात वीज स्वस्त आणि सीमा तर कागलच्या पुढं लगेच, आपले उद्योजक दर काही वर्षांनी तिकडं जायची भाषा उगीच करत नाहीत.

प्रश्न: मी कोल्हापुरी चपला ऑनलाईन विकते. विमानतळ मोठा झाला त्याचा माझ्यासारखीला काय उपयोग? चपला काय विमानानं जात नाहीत.

ताई, चपला नाही जात पण ऑर्डर देणारा येतो. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ ला सुरू झाला, पण मध्ये कितीतरी वर्षं तिथं नुसतं गवत आणि अधनंमधनं पुढाऱ्यांची विमानं. २०१८ पासून केंद्राच्या उडान योजनेत परत नियमित विमानं लागली आणि मार्च २०२४ ला नवं टर्मिनल झालं. मालाच्या दृष्टीनं आपल्याला त्याचा फार फरक पडत नाही. पण हैदराबाद, बेंगळुरूचा खरेदीदार रात्रभर लक्झरीत बसून येत नाही. तो सकाळी येऊन संध्याकाळी जाता येत असेल तरच येतो. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरनं गोंधळ झाला आणि मग त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली, आठवत असेल. अशा माणसाला दाखवायला काय आहे तुमच्याकडं? जीआयचा कागद आहे का? २०१९ ला मिळालेलं जीआय कोल्हापूरसकट महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायला लागतं. ते करून घ्या, त्याला विमान लागत नाही.

आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं बसायला लागलंय. पक्षकार, वकील, सहा जिल्ह्यांतनं लोक येतात, दुपारी कोर्ट उठेपर्यंत मोकळे असतात, आणि घरी जाताना चप्पल घेऊन जातात. ऑनलाईन सोडू नका, पण त्या बाजूला एखाद्या दुकानात तुमचे दहा जोड ठेवायला काय हरकत आहे. सोलापूरचा माणूस नंबर सांगत नाही, पाय पुढं करतो.

प्रश्न: पुण्यातले पाहुणे म्हणतात, तुम्ही कोल्हापूरवाल्यांनी टोल फोडला, आता शक्तिपीठ महामार्गाला विरोध करताय, म्हणून तुमच्याकडं कंपन्या येत नाहीत. काय बोलावं सुचत नाही.

पाहुण्यांना तांबडा-पांढरा वाढा, तेवढा वेळ गप्प बसतील.

आता खरं सांगतो. टोलचा प्रश्न बाहेरच्या हायवेचा नव्हताच, शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा होता. म्हणजे शिरोलीच्या माणसानं शहरात दवाखान्यात जायचं तरी टोल. एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस रस्त्यावर उतरला, गाव मागं गेलं, आणि २०१५-१६ मध्ये सरकारनं टोल गुंडाळला. त्यामुळं एखादी कंपनी बिचकली असेल, नाही म्हणत नाही. पण किणी आणि तासवड्याला आपण गपचीप टोल भरतोयच की, तो कुणी फोडला नाही.

शक्तिपीठचं म्हणाल तर मी ट्रान्सपोर्टचा माणूस, मला रस्ता वाईट वाटेलच कसा. पण नागपूर ते गोवा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आपल्या गुळाला, कास्टिंगला, कापडाला जायचंय कुठं? आपला माल पुण्या-मुंबईला नाहीतर बेंगळुरूला जातो, त्यासाठी आहे तो हायवे लवकर पुरा करा. मिरज ते कोल्हापूर रेल्वे अजून एकेरी आहे, गाडी क्रॉसिंगला थांबते आणि आपण खिडकीतनं ऊस बघत बसतो. ते दुहेरी करा. बागायती जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला विकास शिकवायच्या आधी ही दोन कामं होऊ द्या. हे माझं मत, संपादकांचं वेगळं असू शकतं, त्यांचे पण पाहुणे पुण्यात आहेत.

प्रश्न: वैभववाडी रेल्वे होणार म्हणून गगनबावडा रोडला एकजण स्टेशनजवळचे प्लॉट विकतोय. आत्ता स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

नको. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये आला, लांबी सुमारे १०७ किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री. झाला तर कोकण रेल्वेला आणि बंदरांना आपण जोडले जाऊ, आणि फौंड्रीवाल्यांसाठी ते सगळ्यात मोठं काम ठरेल, मी स्वतः त्याची वाट बघतोय. पण जिथं जमीनच घेतलेली नाही तिथं स्टेशन कुठं हे त्या एजंटला कसं कळलं? त्याच्याकडं रेल्वेचा नकाशा मागा, तलाठ्याकडं जाऊन सातबारा आणि फेरफार बघा, जमीन एनए आहे का बघा. तो नकाशाऐवजी मोबाईलवर रंगीत चित्र दाखवणार, बघाच तुम्ही.

टोकन दिलं असेल तर पावती घेतलीय का आणि ती कुणाच्या नावावर आहे ते आधी कळवा.